‘आवड काय?’ या प्रश्नाला पहिल्या वर्षात काय सांगावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी इलेक्ट्रिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी शेती. इंडक्शनच्या, म्हणजे कॉलेजची ओळख करून देण्याच्या दिवसांत वर्गात एकेकाला उभं करून नाव, गाव आणि आवड सांगायला लावली. तिच्या आधीच्या बहुतेकांनी कोडिंग, एआय, रोबोटिक्स असं सांगितलं, म्हणून तिनेही ‘कोडिंग आणि म्युझिक’ म्हणून वेळ मारून नेली. खरं तर तिला वडिलांबरोबर विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बघायला आवडतं, आणि आजोबांच्या भजनी मंडळात ती पखवाज वाजवते. आता कॉलेजच्या टेक्निकल क्लबच्या निवडीत पुन्हा ओळख करून द्यायची आहे. तिचे प्रश्न चार: काय सांगू, या आवडींचा इंजिनिअरिंगशी काही संबंध आहे का, कोडिंग यायलाच हवं का, आणि इंग्रजीचं काय करू.

मी मोटार कंट्रोल आणि पॅनेलच्या कामात आयुष्य काढलं आहे. नवीन पास झालेल्यांच्या मुलाखती घेतो, अधूनमधून कॉलेजात शिकवायलाही जातो. त्यामुळे अशा वेळी ऐकणाऱ्याचे कान कशाकडे लागलेले असतात ते मला सांगता येईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. मोटारीचं सांग आणि पखवाजाचंही सांग. फक्त ‘मला मोटारींची आवड आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. ते वाक्य ‘मला कोडिंगची आवड आहे’ याच्याइतकंच पोकळ आहे, कारण त्यावर समोरच्याला पुढे काही विचारताच येत नाही. आवडीचं नाव कुणालाही घेता येतं. त्या आवडीपायी तू काय केलंस, काय पाहिलंस आणि कुठे अडलीस, हे फक्त तुलाच सांगता येतं. निवड करणारा सीनिअर असो की मुलाखत घेणारा माझ्यासारखा माणूस, तो एवढंच शोधत असतो: हिने हात लावलेली एखादी खरी गोष्ट आहे का, आणि ती गोष्ट वागते तशी का वागते याचं हिला कुतूहल आहे का.

आता तुझ्या मोटारीकडे येतो. तू लिहिलं आहेस की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीवर, काम झालं की कधीकधी मोटार उलटी फिरते, पाणी कमी येतं, मग वडील दोन वायरी अदलाबदल करतात आणि सगळं सुरळीत होतं. तुला हे इतकं रोजचं आहे की ते सांगण्यासारखं वाटलं नाही. पण तुमच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण या एका घटनेत आहे.

थ्री फेजच्या तीन वायरींमध्ये व्होल्टेज एकदम चढत-उतरत नाही. एका मागून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी अशी पाळी असते. मोटारीच्या आत तीन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, ठरावीक अंतरावर बसवलेली असतात. त्यांच्यात ही पाळी फिरत गेली की चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागतं आणि रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, त्याच्या मागे ओढला जातो. पाळीचा क्रम बदलला की क्षेत्र उलटं फिरतं. डीपीवर केबल पुन्हा जोडताना दोन फेज इकडचे तिकडे झाले, की तुझ्या विहिरीवर मोटार उलटी. कुठल्याही दोन वायरी बदलल्या की क्रम पुन्हा सुलटा. तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या तर मात्र काहीच फरक पडत नाही, कारण पाळीचा क्रम तोच राहतो. कागदावर तीन फेजसाठी आर, वाय, बी अशी अक्षरं लिहून हे करून बघ. पाच मिनिटांत पटेल.

आणि मोटार उलटी फिरतानाही पाणी वरच का येतं? सेंट्रिफ्युगल पंपात पाणी मध्यातून आत येतं आणि फिरणाऱ्या इम्पेलरमुळे, म्हणजे पात्यांच्या चाकामुळे, बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. इम्पेलर कोणत्याही दिशेला फिरो, पाणी बाहेरच फेकलं जाणार. मात्र इम्पेलरच्या पात्यांचा बाक आणि बाहेरच्या कवचाचा आकार एकाच दिशेसाठी बनवलेला असतो, म्हणून उलट दिशेला दाब आणि पाणी दोन्ही घटतात. पाणी येतंय म्हणजे मोटार बरोबर फिरतेय असं समजून शेतकरी कितीतरी दिवस उलटी मोटार चालवत राहतो, ती याच कारणामुळे.

दुसरी घटनाही तूच लिहिली आहेस: ‘एक फेज गेला की मोटार उचलत नाही, नुसती घूं घूं करते.’ हे वाक्य क्लबच्या निवडीत जसंच्या तसं बोल. दोनच वायरींवर मोटारीच्या आत क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी मागे-पुढे होतं. थांबलेल्या रोटरला ते कोणत्याच बाजूला ओढत नाही, म्हणून घूं घूं. पण मोटार आधीच फिरत असेल आणि चालता चालता एक फेज गेला, तर ती फिरतच राहते. खरा धोका इथे आहे. पंपावरचा भार तेवढाच राहतो, तो आता दोन वायरींवर येतो. त्या दोन वायरींतला करंट साधारण पावणेदोन पटीच्या आसपास जातो, वाइंडिंग तापतं, आणि बांधावरून कुणाच्या लक्षात येईपर्यंत मोटार जळालेली असते. स्टार्टरमध्ये करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले असतो आणि एक फेज गेला की ती बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात, तो याचसाठी. गावोगाव मोटारी भरायची, म्हणजे जळालेलं वाइंडिंग नव्याने गुंडाळायची दुकानं एवढी चालतात, त्यामागे जळालेल्या मोटारींचा हा मोठा वाटा आहे. ज्या घरात मोटार एकदा जळाली आहे, त्या घरातल्या मुलीला फेज म्हणजे काय हे समजावून सांगायला फारसं लागत नाही.

मग एवढ्या भांडवलावर ओळख कशी करून द्यायची? मी असं काही बोलेन:

‘माझं नाव अमुक. घरी शेती आहे, विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे. डीपीवर काम झालं की आमची मोटार कधीकधी उलटी फिरते. दोन वायरी बदलून ती सरळ करायचं काम मी वडिलांबरोबर केलं आहे. असं का होतं ते मी आता शिकतेय. फेज उलटे आले तर स्टार्टरने मोटार सुरूच करू नये, असं सर्किट कसं बनवतात ते मला बघायचं आहे. शिवाय मी भजनात पखवाज वाजवते. त्याच्या डाव्या तोंडावर कणीक कमी-जास्त केली की आवाज बदलतो, तो नेमका किती बदलतो हे मोजून बघायचा विचार आहे.’

यात एकही फुशारकीचा शब्द नाही. तरी ऐकणाऱ्याकडे विचारायला निदान चार प्रश्न तयार होतात, आणि चारही तुझ्या अंगणातले. हे मुलांच्या लक्षात येत नाही. ओळख करून देताना तू पुढच्या प्रश्नांची दिशाच ठरवत असतेस. ‘एआय’ म्हणालीस की पुढचा प्रश्न एआयवर येणार आणि तिथे तुझ्याकडे सांगायला काही नाही. स्टार्टर म्हणालीस की प्रश्न स्टार्टरवर येणार, आणि स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा खट्‌ आवाज कुठून येतो हे तू झोपेतही सांगशील.

निवडीला अजून काही दिवस आहेत, तर त्याआधी घरी जाणं झाल्यास एक काम कर. मोटारीवरची पाटी पूस आणि वाचून काढ. फोटो काढून आण. सबमर्सिबल असेल तर मोटार पाण्यात, पण तीच माहिती खरेदीच्या कागदावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत असते. समजा पाटीवर ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ७.५ अँपिअर, ५० हर्ट्झ, २८५० आरपीएम असं लिहिलंय. एवढ्या पाच आकड्यांत किती आहे बघ. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी ताकद. आता तारेतून किती येतं ते काढ: १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ७.५, म्हणजे साधारण ५,४०० व्होल्ट-अँपिअर, ५.४ केव्हीए. आत ५.४ आणि बाहेर ३.७. मधलं कुठे गेलं? काही भाग उष्णता आणि घर्षणात गेला, तो झाला कार्यक्षमतेचा हिशेब. उरलेला फरक पॉवर फॅक्टरचा, म्हणजे करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो त्याचा. बेसिक इलेक्ट्रिकलच्या तासाला पॉवर फॅक्टर फळ्यावरच्या त्रिकोणासारखा येतो आणि मुलं तो त्रिकोण पाठ करतात. तुझ्याकडे तो घरच्या मोटारीच्या पाटीवर कोरलेला आहे.

२८५० चं तर आणखी गमतीचं. ५० हर्ट्झला दोन पोलच्या मोटारीतलं क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं. रोटर २८५० घेतो. १५० फेरे तो मागे पडतो, म्हणजे पाच टक्के. याला स्लिप म्हणतात. रोटर क्षेत्राच्या बरोबरीने धावला असता तर त्याच्यात करंटच तयार झाला नसता आणि ओढही राहिली नसती. मागे पडतो म्हणून फिरतो. मुलाखतीत मी हा प्रश्न हमखास विचारतो: पाटीवर ३००० का लिहीत नाहीत? पास झालेली पुष्कळ मुलं अडखळतात, कारण त्यांनी पाटी पाहिलेलीच नसते.

आणखी एक निरीक्षण घरच्यांना विचारून ठेव. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं. पंपाला लागणारी ताकद फारशी बदलत नाही, म्हणून व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो, आणि स्टार्टर पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. तुमचा स्टार्टर कोणत्या वेळी जास्त पडतो, त्या वेळी स्टार्टरवरच्या मीटरचा काटा कुठे असतो, हे वडिलांना विचारून तारीख-वेळेसह वहीत लिहून काढलंस, तर पहिल्याच सत्रात तुझ्या हातात स्वतः गोळा केलेली माहिती असेल. चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्यांकडेही पुष्कळदा ती नसते.

इथे मात्र कडक बोलतो. स्टार्टर उघडायचा तर मेन स्विच बंद, फ्यूजचे किटकॅट काढून स्वतःच्या ताब्यात, मग टेस्टरने तिन्ही फेज तपासून, आणि वडील जवळ असताना. कपॅसिटर लावलेला असेल तर लाइट बंद केल्यावरही त्यात चार्ज शिल्लक असू शकतो. ओल्या जमिनीवर अनवाणी कधीच नाही. ४१५ व्होल्ट दुसरी संधी देईलच असं नाही. ज्या मुलांना हाताने काम करायची खुमखुमी असते त्यांनाच हे सांगावं लागतं, म्हणून तुला सांगतोय. मोजमाप करायचं ते स्टार्टरच्या दारावरच्या मीटरवर वाच किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर कर. फेज क्रम ओळखायचं दोन बल्ब आणि एका कपॅसिटरचं जुनं सर्किट आहे: क्रम सुलटा असेल तर एक बल्ब जास्त उजळतो, उलटा असेल तर दुसरा. लॅबमध्ये ते मागून बघ. तुझ्या ओळखीतल्या प्रश्नाचं ते पहिलं उत्तर आहे.

आता पखवाज. तू लिहिलंस की हे सांगितलं तर लोक हसतील. एखादा हसेलही. पण विद्युत शाखेच्या मुलीने लपवावी अशी ही गोष्ट मुळीच नाही. साधा गोल पडदा ताणून वाजवला तर त्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. मूळ स्वर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे तिरपागडे येतात. म्हणून साध्या ढोलाला ठोका असतो, पण स्वर असा लागत नाही. मृदंग, पखवाज, तबला यांच्या तोंडावर मधोमध शाई, म्हणजे काळा लेप, बसवली की त्या जादा वजनाने उपस्वर जागचे हलतात आणि जवळपास पूर्ण पटींवर येऊन बसतात. त्यामुळे पखवाज तंबोऱ्याशी जुळवता येतो. ही गोष्ट सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली, त्यांना नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी. ज्या कारागिरांनी शाई थरावर थर घोटून बसवायची रीत बसवली, त्यांनी हे गणित कानाने सोडवलं होतं.

तुझ्यासाठी यातला प्रयोग अगदी जवळ आहे. डाव्या तोंडाला लावायची कणीक तोलून घे. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्यात कोणत्या फ्रीक्वेन्सी किती जोरात आहेत ते, दाखवणारी मोफत ॲप मिळतात. कणीक न लावता, थोडी लावून, आणखी लावून, प्रत्येक वेळी त्याच जागी तसाच ठोका देऊन सर्वांत खालची फ्रीक्वेन्सी टिपून घे. वजन एका अक्षावर, फ्रीक्वेन्सी दुसऱ्यावर, आलेख काढ. वजन वाढलं की फ्रीक्वेन्सी उतरेल हे तुझ्या हाताला माहीतच आहे. ती कशी उतरते, सुरुवातीला भराभर आणि मग हळू की सारखी, ते आलेख सांगेल. कणीक वाळत जाते तसा आवाज का चढतो, हेही त्यातच हाती लागेल. आजोबांना तो आलेख दाखव. ते जे सांगतील ते लिहून ठेव.

तू मोटार आणि पखवाज या दोन वेगळ्या आवडी म्हणून लिहिल्या आहेस. माझ्या धंद्यात त्या एकाच टेबलावर येतात. कारखान्यातल्या मोटारीचं बेअरिंग खराब होऊ लागलं की तिच्या कंपनाच्या स्पेक्ट्रममध्ये ठरावीक जागी सुळके दिसू लागतात. रोटरची सळई तुटली तर करंटच्या स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना छोटे सुळके उभे राहतात, स्लिपच्या दुप्पट अंतरावर. मघाशी काढलेली पाच टक्के स्लिप धर: सुळके ४५ आणि ५५ हर्ट्झला. मोटार न उघडता, नुसत्या वायरभोवती क्लॅम्प लावून आतली सळई तुटली आहे हे सांगता येतं. या कामाला कंडिशन मॉनिटरिंग म्हणतात आणि त्यासाठी मोटार समजणारा आणि आवाज ‘वाचता’ येणारा माणूस लागतो. पखवाजावर स्पेक्ट्रम वाचायला शिकलीस तर पुढे गणितात फूरिअर सीरिज, म्हणजे लहर वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींत मोडायची रीत, येईल तेव्हा ती तुला ओळखीची वाटेल.

कोडिंगबद्दल. यायला हवं, यात शंका ठेवू नकोस. पहिल्या वर्षात सी किंवा पायथॉन असतंच, आणि इलेक्ट्रिकलचा आजचा माणूस प्रोग्रॅम न लिहिता फार पुढे जात नाही. पण ‘आवड’ म्हणून ते सांगायचं तर काहीतरी लिहिलेलं असू दे. वहीत टिपलेले स्टार्टर पडल्याचे दिवस आणि वेळा पायथॉनमध्ये घालून कोणत्या तासाला सर्वांत जास्त वेळा पडला ते काढणारा वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिही. तो लिहिलास की ‘मी प्रोग्रॅमिंग शिकतेय, हे लिहिलंय’ असं म्हणायला तू मोकळी. यूट्यूबवर बघून टिक-टॅक-टो बनवलेली मुलं मला पुष्कळ भेटतात. स्वतःच्या विहिरीची माहिती तपासणारी अजून भेटायची आहे. पुढे आर्डुइनो किंवा ईएसपी३२ असा प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड हाती आला की पाण्याची पातळी मोजणं वगैरे आपोआप येईल, आता त्याची घाई नको.

इंग्रजीची भीती मला कळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं गणित सहसा कच्चं नसतं. वर्गात उभं राहिल्यावर वाक्य जुळवण्यातच सगळी शक्ती जाते आणि सांगायचं ते राहून जातं. क्लबचे सीनिअर महाराष्ट्रातलेच असतील तर मराठीत बोल आणि तांत्रिक शब्द इंग्रजी ठेव, तसे तू घरीही ठेवतेसच. फेज, स्टार्टर, रिले याला तुझे वडीलही दुसरं काही म्हणत नाहीत. इंग्रजीतच बोलायचं असेल तर पाच-सहा छोटी वाक्यं स्वतः लिही. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट, साधं क्रियापद. ‘आय ओपन्ड द स्टार्टर विथ माय फादर’ हे वाक्य ‘आय ॲम पॅशनेट अबाउट टेक्नॉलॉजी’पेक्षा शंभर पटीने चांगलं आहे, आणि सोपंही आहे. लिहिलेलं मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखव. नेटवर मिळणारे ‘सेल्फ इंट्रोडक्शन’चे तयार नमुने मात्र वापरू नकोस. मुलाखत घेणारे ते पहिल्या ओळीत ओळखतात.

कोणता क्लब, हे तू विचारलं नाहीस, पण सांगतो. गाडी बनवणारा असेल, म्हणजे बाहासारख्या कॉलेजांच्या गाड्या बनवण्याच्या स्पर्धेत उतरणारा वगैरे, तर तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचाही गट असतो का ते विचार. मोटार, बॅटरी, कंट्रोलर हे सगळं तिथे आहे. रोबोटिक्सवाल्यांना मोटार ड्रायव्हरचं, म्हणजे मोटार चालवणाऱ्या सर्किटचं, काम करणारं माणूस कायम कमी पडतं. कोणत्याही क्लबात पहिल्या वर्षाला सोल्डरिंग, वायरिंग, हार्नेस (वायरींचे जुडगे) बांधणं, सामान आणणं हीच कामं येतात. ती मन लावून कर, कारण त्यातच सर्किट कळतं. मोठी कामं पिढ्यांवर चालतात. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटने आकाशात गेला. काम सुरू झालं होतं कितीतरी वर्षं आधी, आणि सुरू करणारे विद्यार्थी तोवर पास होऊन गेलेले होते. प्रत्येक वर्षी नव्या मुलांनी आदल्यांकडून वह्या आणि सर्किटं समजून घेतली, म्हणून तो उडाला. तुला निवडणाऱ्यांना काय हवं असतं ते यावरून ओळख: आलेलं काम नीट टिपून पुढच्याच्या हाती देईल असं माणूस. स्टार्टर पडल्याची वही त्यांना दाखवायला घेऊन जा.

आवड बदलली तर? बदलू दे. किर्लोस्कर पंपांमागचे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना ओढ होती चित्रकलेची. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असं आढळलं आणि रंगकाम सोडावं लागलं. यंत्रांची ड्रॉइंग काढायला रंग लागत नाहीत, ते त्यांनी धरून ठेवलं, पुढे मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, मग बेळगावला सायकलींचं दुकान, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना. महाराष्ट्रातल्या विहिरींवर पंप बसले त्या कहाणीची सुरुवात एका सुटलेल्या आवडीत आहे. तुझा कल उद्या रेडिओकडे वळला, किंवा पॉवर सिस्टीमकडे, तरी आज टिपलेलं वाया जात नाही. नव्या अभ्यासक्रमात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेतला जोडविषय, घ्यायचा असतो, तेव्हा निवड करायला या वह्या उपयोगी पडतील.

जमलं तर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जा. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्या वेळी लोकांना बघायला खुली असते आणि शाळा-कॉलेजांचे प्रकल्पही मांडलेले असतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा केवढा दाब आला असता. म्हणून ती ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या बारीक तारेच्या जाळीची आहे. रेडिओ लहरीला ती जाळी आरशासारखी आणि वारा तिच्यातून आरपार. तिथे उभं राहून ती जाळी जवळून बघ आणि तिथल्या इंजिनिअरना विचार की एवढी तबकडी फिरवणाऱ्या मोटारी केवढ्या आहेत आणि वारा सुटल्यावर त्यांचं काय करतात. हा प्रश्न तुझ्याइतक्या हक्काने फार कमी पहिल्या वर्षाची मुलं विचारू शकतील.

निवडीच्या दिवशी एक मिनिटाच्या वर बोलू नकोस. वर दिलेला नमुना माझ्या शब्दांत आहे, तो पाठ करू नकोस, तुझ्या घरच्या मोटारीच्या पाटीवरचे खरे आकडे त्यात घाल. पहिला प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल, तर ‘हे मला माहीत नाही, बघून सांगते’ म्हण, आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन सांग.